राधिकेची शेळी

मुंजाजीला पंचफुलाबाई फारशी कळली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. साखरा गावात दोघांच्या दारांमध्ये एक बाभूळ तेवढी होती. पण ती मोजकंच बोलायची आणि मुंजाजीला शेळ्यांपलीकडचं बोलता यायचं नाही.

तिचा नवरा ट्रकवर होता. तो एड्सनं वाळत वाळत गेला तेव्हा ती पोटुशी होती. तपासलं तर तिच्याही रक्तात तेच निघालं. सासूनं, जनकाबाईनं, तिची थाळी वेगळी केली.

राधिका जन्मली त्याच आठवड्यात पंचफुलाबाई मुंजाजीच्या शेळ्यांच्या वाड्यावर आली.

"मामा, आई मेलेलं करडू दुसऱ्या शेळीला लावता न्हाई का तुमी?"

"लावतो की."

"तसं माझं लेकरू लावून द्या."

"काहून? तू तर जिती हाईस!"

"थाळीनं लागत न्हाई म्हणले डाक्टर. दुधानं लागू शकतंय."

तिच्या चोळीचा पुढा भिजलेला होता. मुंजाजीनं मान खाली घातली आणि कबरी शेळी सोडून तिच्या हाती दिली.

"शेळीचं पिऊन पोरगी में में करंल!" जनकाबाई ओरडली.

"करू द्या, आत्याबाई. जगून करू द्या."

पोरगी छातीशी तोंड घुसळू लागली की ती तिला मुंजाजीच्या मांडीवर द्यायची आणि बाभळीआड जाऊन दूध मातीत पिळून यायची. मग उकळलेलं शेळीचं दूध चमच्यानं पाजायची. परकं करडू ढुशीनं हाकलणाऱ्या शेळ्या मुंजाजीनं जन्मभर पाहिल्या होत्या. पान्हा फुटलेला असताना पोटचं लेकरू दूर धरणारी आई त्यानं पहिल्यांदा पाहिली. देवळात बोलावं तसं तो तिच्याशी हळू बोलू लागला.

दीड वर्षानं हिंगोलीत राधिकेचं रक्त तपासलं. साफ निघालं. त्या दिवशी मुंजाजीनं पंचफुलाबाईच्याच थाळीत भाकरी मागून घेतली. जनकाबाई बघत राहिली.

पुढं पंचफुलाबाईला सरकारी गोळ्या सुरू झाल्या. तिनं एकही चुकवली नाही. त्या गोळ्यांनी गाल मात्र बसले, तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, तरी ती शेळ्यांमागं जायची. राधिका शाळेत जाऊ लागली त्या वर्षी पंचफुलाबाईला खोकल्यानं धरलं. दवाखान्यात न्यायला जीप आली. तिथून ती परतली नाही.

जीपमध्ये बसताना तिनं विचारलं, "मामा, कबरीची नात व्याली का?"

"व्याली की. दोन करडं."

"दूध हाय?"

"हाय बराबर."

"मंग राधिकेला सांजच्याला कपभर देत जा. उकळून."

"व्हय," मुंजाजी म्हणाला.