लोंबत्या चाकाचं माप

इथं परमुलखातल्या गॅरेजात गळक्या शॉकअपच्या तेलाचा वास आला, की मोताळ्याच्या गॅरेजात आलेली ती उंच करून घेतलेली जीप आठवते. मी बसवलेले शॉकअप महिन्यात दुसऱ्यांदा गळाले होते. "उस्ताद, याले काढा कामावरून, पंक्चर काढाले बसवा!" जीपवाला माझ्याकडं बोट करून गॅरेजवाल्या उस्तादांना ओरडून म्हणाला. मी नववीत शाळा सोडलेली, दुसरं काही येत नव्हतं. उस्तादांनी चेसिसखाली, म्हणजे जीपच्या सांगाड्याखाली, जॅक लावून ती उचलली. चाक लोंबलं तसा शॉकअप पुरता ताणला गेला आणि चाकाचं सगळं वजन त्याच्यावरच आलं. तो आखूड पडून दर खड्ड्यात असाच ताणला जात होता, म्हणून गळत होता; कारण मी माप चाक जमिनीवर असतानाच घेतलं होतं. उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. मग जीपवाल्याला म्हणाले, "माप म्याच सांगतलं होतं भाऊ, माहीच चुकी हाये." आता मी चाक लोंबवूनच माप घेतो, तरी दोनदा बघतो. चूक अंगावर घ्यायला इथं उस्ताद नाहीत.