दुपारचा रेडिओ आणि वावरातल्या बाया

लग्न होऊन मी केनवडला आले तेव्हा वस्तीत मॅट्रिक झालेली सून मी एकटीच होते. माझे यजमान वाशीमला कचेरीत कारकून होते. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचे, सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जायचे. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी सासू. शेत थोडं होतं, त्यावर वर्ष निघत नसे. म्हणून सासूबाई लोकांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायच्या. महिन्याभरात मीही जायला लागले. मॅट्रिकचं अप्रूप तिथंच संपलं. सासूबाईंना मी आत्या म्हणायची.

घरात एक ट्रान्झिस्टर होता. यजमानांनी बातम्यांसाठी घेतलेला, चामड्याच्या कव्हरातला. सेल उतरले की आत्या ते उन्हात ठेवायच्या, म्हणजे आणखी चार दिवस चालायचे. आत्यांना लिहितावाचता येत नव्हतं, पण रेडिओशी त्यांचं बोलणं चालायचं. घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं. कोणी पुढारी म्हणाला की पाण्याचा प्रश्न लवकरच सुटेल, तर चुलीपुढून आत्या म्हणायच्या, "सुटन बाप्पा, तुह्या तोंडात साखर पडो." कोणी चांगलं बोललं तर "बराबर हाये" असं म्हणून भाकर उलटायच्या.

एकदा त्यांना ताप आला आणि त्या घरी राहिल्या. मीही राहिले. दुपारी रेडिओ लावला तर बायकांचा कार्यक्रम सुरू होता. तो आम्ही दोघींनी कधीच ऐकला नव्हता. बोलणारी बाई गोड आवाजात म्हणाली, "दुपारची कामं आटोपून आमच्या मैत्रिणी आता निवांत बसल्या असतील."

आत्या गोधडी बाजूला सारून उठून बसल्या. "कोन बसली वं निवांत?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. कार्यक्रमाच्या शेवटी त्या बाईनं पत्ता सांगितला आणि तुमचं मत कळवा म्हणाली. आत्या म्हणाल्या, "पोरी, कार्ड आन."

मी पोस्टकार्ड घेऊन बसले. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. झाल्यावर म्हणाल्या, वाचून दाखव. मी वाचलं, "आपला कार्यक्रम अतिशय आवडला."

"हे कोनं म्हटलं?"

"आत्या, पत्राची सुरुवात अशीच करतात."

"मंग ते खरंच समजतीन ना. खोड ते."

खोडलेलं कार्ड पाठवायचं मला बरं वाटेना, म्हणून दुसरं घेतलं. त्यावर आधी जयभीम लिहिलं आणि मग त्यांनी सांगितलं तेवढंच: दुपारी आम्ही वावरात असतो, गावातल्या बहुतेक बाया वावरात असतात, मग तुम्ही बोलता ते कोणाशी? हा कार्यक्रम संध्याकाळी करा. खाली त्यांचं नाव आणि गाव.

पत्राचं उत्तर त्याच दुपारच्या कार्यक्रमात येणार, म्हणजे ते आम्हाला ऐकू येण्याची सोय नव्हतीच. आम्ही विसरूनही गेलो. पुढं एका शनिवारी यजमान घरात शिरले तेच हसत. वाशीमच्या स्टँडजवळ चहा पिताना त्यांनी आईचं नाव रेडिओवर ऐकलं होतं.

"माय, तुहं पत्र वाचलं."

"काय म्हनले?"

"ट्रान्झिस्टर वावरात घेऊन जा म्हने."

"हसले काय?"

यजमान जरा घुटमळले. "थोडेसे."

"अन् जयभीम म्हटलं?"

"नाई. नमस्कार म्हटलं."

आत्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "हसू दे. घेऊन जा म्हनले ना? घेऊन जाऊ." यजमान म्हणाले, धूळ जाईल, खराब होईल. पण सोमवारी त्यांची एसटी गेली आणि ट्रान्झिस्टर फडक्यात गुंडाळून, भाकरीच्या टोपलीत बसून आमच्याबरोबर वावरात गेला.

तेव्हा कपाशीत निंदण चाललं होतं. ट्रान्झिस्टर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर ठेवला, आवाज मोठा केला आणि बाया आपापली तासं, कपाशीच्या ओळी, धरून निंदत राहिल्या. थोड्या वेळानं वावराचे मालक आले.

"निंदाले आल्या का रेडिओ आयकाले?"

आत्या वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, "कोनाचा हात थांबला असन तं सांगा."

मालकांनी पाहिलं. हात चालूच होते. ते बराच वेळ तिथं उभे राहिले. जाताना म्हणाले, "जेवाच्या सुट्टीत आयका बाप्पा. लोकं मले हसतीन." वाईट माणूस नव्हता. मग आम्ही जेवायची सुट्टीच पुढं ढकलली. पोटात कावळे ओरडायचे, पण कार्यक्रम सुरू होईपर्यंत कोणी शिदोरी सोडायचं नाही.

कार्यक्रमात कधी भरतकाम असायचं, कधी दिवाणखाना कसा सजवावा ते. एकदा केक कसा करावा हे सांगितलं. केक म्हणजे काय ते मलाही नीट सांगता आलं नाही. बाया हसून हसून लोळल्या. पण रेडिओ बंद करा असं कोणी म्हणालं नाही. भाकर खाताना कोणीतरी आपल्याशी आदरानं बोलतंय, आपल्याला मैत्रिणींनो म्हणतंय, हे त्यांना आवडायचं.

एके दिवशी एक डॉक्टरीणबाई बोलायला आल्या. लहान लेकराला हगवण लागली तर काय करायचं हे त्यांनी सांगितलं. पाणी बंद करू नका, उलट देत राहा. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून घोट घोट पाजा. अंगावरचं दूध तोडू नका. त्यानं थांबलं नाही तर दवाखान्यात न्या. नेहमीसारखी कोणी थट्टा केली नाही. सगळ्या ऐकत होत्या.

आमच्यात एक बाई होती, आमच्याच वस्तीतली, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. आदल्या उन्हाळ्यात तिचा मुलगा हगवणीनं गेला होता. कार्यक्रम संपला, तिनं हातातली भाकर फडक्यावर ठेवली आणि म्हणाली, "मले तं सगये म्हने पानी बंद कर. मी बंद केलं. तो मांगत होता."

आत्या उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग सगळ्या पुन्हा कामाला लागल्या. तीही लागली.

संध्याकाळी ती आमच्या दारात आली. मला म्हणाली, "तू रेडिओले लिवतं ना? माहं लिही."

मी कार्ड घेतलं. आत्या बाजूला बसल्या होत्या, पण या वेळी त्यांनी एक शब्द सुचवला नाही. ती जसं बोलली तसंच मी लिहिलं, आमच्या बोलीत, मले आणि तुमाले सकट. तिचं म्हणणं एवढंच होतं की हे पुन्हा सांगा, संध्याकाळी सांगा, बाप्यामाणसांनाही ऐकू जाईल असं सांगा. पाणी बंद करा असं घरातले सगळे मिळून ठरवतात, एकटी आई नाही.

याचं उत्तर रेडिओवर आलं नाही. पावसाळा सरत आला तेव्हा एक जीप गावात आली. रेडिओवरचा माणूस होता, तिशीतला, चष्मा लावलेला, बरोबर एक ड्रायव्हर आणि टेपरेकॉर्डरची जड पेटी. ग्रामपंचायतीत विचारत विचारत तो वस्तीत आला आणि आमच्या ओट्यापाशी थांबून म्हणाला, "जयभीम मावशी."

आत्यांनी त्याला नीट पाहून घेतलं. "जयभीम. ते हसले ते तुमी होते का?"

तो ओशाळला. "मी नव्हतो. पण आमच्यातलेच."

"बसा. चहा घ्या."

त्यानं चहा घेतला, पूर्ण प्यायला. मग म्हणाला की हगवणीबद्दलचं पत्र ज्या बाईंचं आहे त्यांचं बोलणं टेप करायचं आहे, आणि बायांनी कामाची दोन गाणीही म्हटली तर बरं होईल, नुसतं बोलणं लोक ऐकत नाहीत. आत्या म्हणाल्या, "गाने म्हनू. पयले तिचं आयका."

ती आली. डोक्यावरचा पदर सारखा करून पेटीसमोर बसली. त्यानं माइक पुढं धरला. वाटलं होतं ती घाबरेल. पण ती बोलली, वावरात बोलली होती तसंच, त्याच आवाजात. ती "तो मांगत होता" म्हणाली तेवढ्यात रस्त्यानं एक बैलगाडी गेली आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा मोठ्यानं वाजल्या. त्या माणसानं टेप थांबवली.

"ताई, आवाज आला मधे. तेवढंच एकदा परत म्हणता का?"

ती म्हणाली, "एकदा म्हटलं भाऊ. आता नाई म्हनवत."

तो तिच्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "राहू दे. घंटा राहू दे."

पुढं आत्यांनी मीठसाखरेच्या पाण्याची कृती सांगितली, आणि सगळ्यांनी मिळून गाणी म्हटली. गाणी म्हणताना तीही बाकीच्यांबरोबर होती. जाताना आत्यांनी त्याला विचारलं, "हे दुपारी नाई ना लावनार?"

"माझ्या हातात असेल तेवढं करतो, मावशी," तो म्हणाला.

त्याच्या हातात बहुतेक होतं. पंधरवड्यानं ते संध्याकाळी लागलं, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात, बाजारभावानंतर. बाजारभाव ऐकायला पंचायतीच्या रेडिओपुढं सगळे बाप्ये बसलेलेच असत. आम्ही आमच्या ओट्यावर बसलो होतो, ती बाई आणि तिचा नवराही आले होते. एक गाणं झालं आणि एक बाई साखरमिठाचं सांगायला लागली. आत्या म्हणाल्या, "हे कोन वं? माह्यासारखंच बोलून राह्यली."

"तुम्हीच आहात आत्या."

"माहा आवाज असा हाये?" त्यांना तो बिलकुल आवडला नाही.

मग तिचं बोलणं आलं. घंटा वाजल्या तिथं तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली. ती सरळ बसून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "त्या घंटा चांगल्या वाजल्या."

दुपारचा कार्यक्रम दुपारीच राहिला. आत्यांनी त्याबद्दल आणखी दोन कार्डं लिहायला लावली, त्यांचं काही झालं नाही.

पण दिवाळीच्या आधी एका सकाळी गावातल्या वरच्या आळीतली एक बाई आमच्या गल्लीत आली. ती ज्यांच्या घरची, त्या घरचं माणूस आमच्या गल्लीत कधी यायचं नाही. काम असलं तर रस्त्यावरून हाक मारायचे. तिच्या कडेवर वर्षाचं पोर होतं, मान टाकलेलं. ओठ सुकलेले. ती ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "रेडिओवर तुमी सांगतलं होतं. मले मीठ किती ते आठवत नाई."

आत्यांनी तिला काही विचारलं नाही. मला म्हणाल्या, "पोरी, पानी उकळ." पाणी आमच्या माठातलं, तांब्या आमचा. ते गार होईपर्यंत ती ओट्यावर चढून बसली. आत्यांनी साखर घातली, मीठ घातलं, चाखून पाहिलं. मग तांब्या आणि चमचा तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला आणि पोराच्या तोंडात चमचा चमचा पाणी सोडायला लागली. पहिल्यांदा त्यानं ओकलं. आत्या म्हणाल्या, "थांब जरा. मंग आखीन दे." दुसऱ्यांदा ते पोटात राहिलं. दोघींपैकी कोणीही त्या पाण्याबद्दल, तांब्याबद्दल काही बोललं नाही. मी मात्र दारात उभी राहून ते पाहत होते आणि कोणी येतंय का म्हणून गल्लीकडंही पाहत होते.

दुपारच्या गाडीनं पोराला वाशीमच्या दवाखान्यात नेलं, वाटेत पाजायला पाण्याचा तो तांब्याही आत्यांनी बरोबर दिला. माझ्या यजमानांनी तिथं त्यांना डॉक्टर गाठून दिला. पोर वाचलं.

बऱ्याच दिवसांनी ती तांब्या परत द्यायला आली. घासून लख्ख केलेला. भर दिवसा आली, गल्लीतनं सरळ चालत. तिच्या घरच्यांनी तिला काय म्हटलं ते आम्ही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. आत्या म्हणाल्या, "बस." ती बसली. आत्यांनी तांब्या आत ठेवायला माझ्याकडं दिला.

मग ती म्हणाली, "आज काय सांगतलं रेडिओवर?"

"आज काई नाई," आत्या म्हणाल्या. "आज निरे गानेच होते."