शुक्रवारच्या याद्या

कॉफीची नवी बरणी हातात घेतली की माझा अंगठा आजही आधी लेबलाची कड चाचपतो. बायको हसते. "अहो, रिटायर झालात तुम्ही," म्हणते. मी झालो, पण ती एक केस काही रिटायर व्हायला तयार नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. नवव्या वर्षी आईवडिलांबरोबर इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या हाउन्सलोला आलो, इथेच शिकलो आणि इथेच पोलिसांत भरती झालो. नोकरीची शेवटची वर्षं मी बेसिंगस्टोकच्या बाजूला एका लहानशा गावात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. गावाचं आणि माणसांचं नाव मी सांगणार नाही. त्यातली सगळी माणसं अजून तिथेच राहतात, मीही, आणि मला त्यांच्याकडे चहाला जायचं असतं.

गावाबाहेर मोटरवेला लागून नवा रिटेल पार्क झाला होता. मोठं सुपरस्टोअर, बुटांचं दुकान, फर्निचरचं दुकान आणि समोर फुकट पार्किंगचं मैदान. दोन वर्षांत अख्ख्या पंचक्रोशीची खरेदी तिकडे गेली. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीच्या एका उपनगरात राहतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "दादा, आमच्याकडे हे कधीच झालं. शहरातली दुकानं उठली आणि सगळी विक्री उपनगरात आली. तुम्ही लेट आहात." आम्ही लेट होतो, पण कसर भरून काढली. गावातल्या मुख्य बाजाररस्त्यावर, हाय स्ट्रीटवर, एकामागून एक शटर पडली. उरले न्हावी, जुन्या वस्तू विकणारं चॅरिटी शॉप आणि एक काका.

काका मराठी. त्यांचं घरसामानाचं दुकान होतं, तीसेक वर्षं जुनं. चहा, कॉफी, साबण, ब्लेड, मांजराचं खाणं, बल्ब, सुतळी. मी त्यांना मंडळाच्या गणपतीत बघितलं होतं, नमस्कारापुरती ओळख. त्यांच्या दुकानात मात्र मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमची गाडी दर रविवारी रिटेल पार्कला जायची.

एका सोमवारी सकाळी ठाण्याच्या काउंटरवर एक वृद्ध इंग्रज बाई आल्या. शाळेतून मास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या, वय ऐंशीच्या पुढे, ताठ कणा. जबाब आम्ही टाइप करून घेतो म्हटलं तर नको म्हणाल्या. घरून स्वतःच्या हाताने दोन पानं लिहून आणली होती, नीट चौकोनी घडी घातलेली. त्यांचं म्हणणं असं. मार्मलेड भरायला त्या कॉफीच्या रिकाम्या बरण्या धुऊन ठेवतात. काकांकडून घेतलेली बरणी पाण्यात भिजवली तर काकांचा किमतीचा स्टिकर सुटला आणि खाली सुपरस्टोअरच्या स्वतःच्या ब्रँडचं नाव निघालं. तसा माल ते स्टोअर दुसऱ्या दुकानांना विकायला देत नाही.

"तो माणूस चोर नाही," त्या मला बजावून म्हणाल्या, जसं काही मी वर्गात बडबडत होतो. "पण भोळा आहे. कुणीतरी त्याच्या गळ्यात चोरीचा माल मारतंय. त्याला वाचवा."

खबऱ्याने खबर दिली आणि वर संशयिताची शिफारस केली, असं माझ्या नोकरीत तेवढं एकदाच घडलं.

सुपरस्टोअरच्या सिक्युरिटी मॅनेजरला फोन केला. त्याला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. "सार्जंट, आमची विक्री दर तिमाहीला वाढतेय आणि चोरीही. कॉफी, ब्लेड, कपड्यांची पावडर. आम्ही कधीपासून शोधतोय हा माल जातो कुठे!" त्याने फळ्यांवरच्या कॅमेऱ्यांचं फुटेज पाठवलं. टोप्या घातलेली माणसं बरण्या कोटात कोंबताना दिसत होती. चोर मिळाले, चोरीचा माल घेणारा दुकानदार मिळाला, असं आम्हाला वाटलं. मी इन्स्पेक्टरसाहेबांना सांगून ठेवलं की हा माणूस माझ्या तोंडओळखीचा आहे. ते म्हणाले, नोंद कर आणि काम कर.

वॉरंट घेऊन मंगळवारी दुकानात गेलो. सोबत माझी सहकारी होती, स्कॉटलंडची डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल, डोक्याने माझ्याहून तल्लख. काकांनी वॉरंट वाचलं, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "बसा. चहा टाकतो." मी इंग्रजीत नाही म्हणालो. मुद्दाम इंग्रजीत. आपल्या माणसाला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, या भीतीने मी त्या दिवशी जरुरीपेक्षा जास्त ताठ वागलो. आजही लाज वाटते.

झडतीत फळीवरच्या जवळपास निम्म्या मालावर स्टिकर सापडले, नेमके स्टोअरच्या नावावर चिकटवलेले. चुकून लागलेले नव्हेत, नीट मापाने लावलेले. गल्ल्याखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात चिठ्ठ्या. वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या इंग्रजी याद्या: कॉफी एक, ब्लेडचं पाकीट एक, मांजराचं खाणं सहा. आणि प्रत्येक यादीच्या डोक्यावर निळ्या शाईत एकच खूण.

सहकारी हळूच म्हणाली, "सार्ज, ही तर ऑर्डर बुक आहे. याद्या द्यायच्या, तसा माल चोरून आणायचा. आणि ही टोळीची खूण."

ती खूण मी बघितली आणि मला हाउन्सलोचा फ्लॅट दिसला. वडील शनिवारी वाण्याची यादी करायला बसायचे तेव्हा कागदाच्या डोक्यावर आधी 'श्री' काढायचे. त्याशिवाय त्यांच्या हातून मीठसुद्धा लिहिलं जात नसे. इथे इंग्रज माणसांच्या याद्यांवर काकांनी 'श्री' घातला होता. चोरीच्या मालाच्या ऑर्डरवर देवाचं नाव घालणारा मराठी माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण हे कोर्टात कोण ऐकणार? पिशवीत भरून डबा जप्त केला.

दुसऱ्या दिवशी काका वकिलासह ठाण्यात आले. रेकॉर्डिंग सुरू केलं, हक्क समजावून सांगितले.

"माल कुठून आणलात?"

"चोरीचा नाही."

"मग कुठून?"

"ते मी सांगणार नाही."

"या याद्या कुणाच्या?"

"माझ्या गिऱ्हाइकांच्या. त्यांना यात ओढू नका."

"स्टोअरच्या नावावर स्टिकर का लावलेत?"

यावर त्यांनी मिठाची गुळणी धरली. दीड तास घालवला, एक शब्द जास्त निघाला नाही. गुन्हा शाबीत झाला तर दुकान जाणार होतं, तीस वर्षांचं नाव जाणार होतं, आणि हा माणूस टेबलाकडे बघत बसलेला. मी चिडलो. खोटं बोलणाऱ्याची सवय असते हो आम्हाला. तो उत्तरं तयार ठेवतो, दारं उघडी ठेवतो. हे गृहस्थ एकच दार लावून त्याला पाठ टेकून उभे होते. असा माणूस बहुतेक वेळा स्वतःला वाचवत नसतो, दुसऱ्या कुणाला तरी झाकत असतो. पण कुणाला?

संध्याकाळी टेबलावर याद्या पसरून बसलो. एका यादीपाशी अडलो. तिरकं, घोटीव अक्षर, शेपट्या काढलेली वळणं. हे अक्षर मी सोमवारीच बघितलं होतं. फाइलमधून मास्तरीणबाईंचा जबाब काढून शेजारी ठेवला. तेच अक्षर!

सकाळी त्यांच्या घरी गेलो. यादी दाखवली तर म्हणाल्या, "हो, माझी. शुक्रवारी त्याच्या दाराच्या फटीतून आत टाकते, रविवारी दुपारी तो घरी सामान पोचवतो. रिटेल पार्कला जाणारी बस बंद झाली आणि आमच्यातले निम्मे लोक गाडी चालवत नाहीत. तेव्हा त्यानेच सुचवलं. म्हणाला, आमच्याकडे वाण्याला यादी द्यायची पद्धत आहे, तुम्हीही द्या. माझ्या गल्लीतले सगळे देतात."

"तुम्ही रिटेल पार्कला कधी गेलाच नाहीत?"

"मी?" बाई ताडकन म्हणाल्या. "आमच्या हाय स्ट्रीटचं वाटोळं केलं त्यांनी. उपाशी मरेन, पण तिथली काडी घेणार नाही. हे मी त्यालाही सांगितलंय."

मी त्यांच्या ओट्यावरच्या धुतलेल्या बरण्यांकडे बघत राहिलो. मग सरळ सुपरस्टोअर गाठलं, सहकारी सोबत होती, आणि मॅनेजरला म्हटलं, फळ्यांवरचं फुटेज बस झालं, आता गल्ल्यावरच्या कॅमेऱ्याचं दाखवा. रविवार सकाळचं. हे मी पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं. चोर शोधायच्या नादात, हा माणूस साधं गिऱ्हाईक असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या काका आत येताना दिसले. खिशातून याद्यांचा गठ्ठा काढला, ट्रॉली भरली. स्वतःच बिल करायच्या मशीनकडे न जाता माणूस बसलेल्या गल्ल्याच्या रांगेत उभे राहिले, एकेक यादी वेगळी करून सामान वेगवेगळ्या पिशव्यांत भरलं, पैसे दिले, निघाले. मागचा रविवारही तसाच. त्याच्या मागचाही.

त्या तिसऱ्या रविवारी शेजारच्या रांगेत एक जोडपं होतं. ट्रॉली शिगोशीग भरलेली, नवरा फोनमध्ये डोकं घालून उभा. काकांनी त्याला बघितलं आणि पटकन पाठ फिरवली, कोटाची कॉलर वर केली. सहकारी म्हणाली, "सार्ज, हे तुम्ही."

मीच होतो.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तीस वर्षं दुकान आहे त्यांचं. आपण कधी साधी काडेपेटी तरी घेतली का हो त्यांच्याकडून?"

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, जप्त केलेला डबा परत घेऊन. दार लोटून या वेळी मराठीत म्हटलं, "काका, चहा टाका."

चहा झाल्यावर ते बोलले. "घाऊकवाला आता माझ्याएवढ्याशा दुकानाला गाडी पाठवत नाही, साहेब. निम्मा माल तो देतच नाही. मग मी तिथून आणतो, त्याच भावाने देतो. पेट्रोल सुटलं तर सुटलं. तीस वर्षं या म्हाताऱ्यांनी मला जगवलं. मी इथे आलो तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं. त्या मास्तरीणबाई दुकान बंद झाल्यावर इथे उभ्या राहून मला पाट्या कशा लिहायच्या ते शिकवायच्या. आता माल तिथला आहे हे कळलं तर त्या घेणार नाहीत, आणि मग त्यांना आणून देणार कोण?"

"म्हणून स्टिकर?"

"म्हणून स्टिकर." आणि कप गोळा करत, "तुम्हाला त्या रांगेत बघितलं तेव्हा जीव नकोसा झाला. दुकानदाराने दुसऱ्याच्या दुकानात रांग लावायची, आणि ती आपल्या माणसाने बघायची!"

"काका, रांगेत मीही होतो. लाज मला वाटायला हवी," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

विकत घेतलेला माल पुन्हा विकणं हा गुन्हा नाही. फाइल बंद झाली. कोटात बरण्या कोंबणारे पुढे दुसऱ्या तपासात सापडले, त्यांचा काकांशी काडीचा संबंध नव्हता. पण एक काम उरलं होतं. फिर्याद देणाऱ्याला निकाल कळवावा लागतो. काकांना आधी सांगितलं की मला बाईंशी खोटं बोलता येणार नाही. त्यांनी मान हलवली, पण चेहरा उतरला. पोलिसांनी निर्दोष ठरवलं तरी खरा निकाल त्यांच्या दृष्टीने त्या बाईंकडेच होता.

बाईंना मी एवढंच म्हणालो, "माल चोरीचा नाही. तो दर रविवारी रांगेत उभा राहून, पैसे देऊन तुमच्यासाठी आणतो."

"कुठून?" त्यांनी विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत त्यांना ते कळलं. "आणि मी त्याला पोलिसांच्या तोंडी दिलं," म्हणाल्या. मग दार उघडून मला निरोप दिला.

पुढच्या शुक्रवारी काकांचा ठाण्यात फोन आला. आवाज कापत होता. बाईंची यादी आली होती. काकांनी ती मला फोनवर वाचून दाखवली. कॉफी एक, मांजराचं खाणं सहा. आणि खाली, त्याच घोटीव अक्षरात: रविवारी जाताना मलाही गाडीत घ्या, ट्रॉली मी धरीन.

नोकरीने मला पगार दिला, पेन्शन दिली. पण मला खरं शिकवलं ते या केसने. माणूस गप्प बसला की आपण त्याच्या गुन्ह्याची कल्पना करतो. त्याच्या चांगुलपणाची कल्पना करायचं प्रशिक्षण आम्हाला कुणी देत नाही. ते मला काकांनी दिलं, बाईंनी दिलं, आणि बायकोच्या एका प्रश्नाने दिलं. या तिघांचे उपकार मी मानतो. बाजार गावाबाहेर गेला, तो काही परत येणार नाही. तरी गावातली सगळी माणसं मागे पडली नाहीत, कारण एकाने गाडी काढली.

मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे गाडी चालवायची नाही, आणि बायकोला चालवता येत नाही. शुक्रवारी तिच्या आधाराने लंगडत हाय स्ट्रीटवर गेलो आणि काकांच्या दाराच्या फटीतून यादी आत सरकवली. डोक्यावर 'श्री' मीच काढला होता.

रविवारी दुपारी काका पिशव्या घेऊन आले. गाडीत पुढच्या सीटवर मास्तरीणबाई होत्या. काच खाली करून मला ओरडल्या, "सार्जंट, तुम्ही साखर लिहायला विसरलात. मी घेतली आहे."

पिशवीतून कॉफीची बरणी काढली. अंगठा सवयीने लेबलावर गेला. सुपरस्टोअरचं नाव तिथे उघडंच होतं, वर स्टिकर नव्हता. मी दारातूनच ओरडलो, "काका, थांबा, चहा टाकतो."