खुशालरावनं मागितला तो आवाज

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणते. मी तं घेणार. देवमन पुंजाजी तायडे. ज्याले राग येत असंन त्यानं कानात बोळे घालावे. या नावापायी आमच्या घरात काय झालं ते आधी आयका, अन् मंग सांगा की ही पंचफुला एवढी तोंडाची फाटकी काहून झाली.

अकोल्यात जठारपेठेत एका शेटचं रेडिओचं दुकान होतं, तिथं देवमन दुरुस्तीले होता. समोर गादीवर शेट, अन् मागच्या खोलीत कथलाच्या धुरात देवमन. बिघडलेला रेडिओ मागं जाये अन् गाणं म्हणत समोर येये. मंग शेट त्याच्यावर आपल्या नावाचा कागद चिकटवे. गिऱ्हाईक म्हणे, वा शेटजी, काय हात आहे तुमचा! शेट हसे. मले हे देवमननं घरी येऊन हसत हसत सांगितलं, अन् माहा पारा चढला. पण तो असाच होता बाप्पा. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीत गाण्याची पार्टी उभी राहिली, तिच्यात तो बेंजो वाजवे. कान असा तयार की शेजारच्या घरी पातेलं पडलं तरी सांगे, हे पेटीच्या काळी चारच्या सुराचं आहे म्हणून. त्याच्या मनात एकच होतं. आपल्या नावाची पाटी लावून आपलं दुकान टाकाचं. पण नाव कोणाले माहीत होतं?

बासष्ट साली अमरावतीहून खुशालराव आला. बापाच्या वरूडले संत्र्याच्या बागा, अन् या लेकाचा ऑर्केस्ट्रा. केसाले तेल, अंगाले अत्तर, अन् हातात कलकत्त्याहून आणलेली इलेक्ट्रिक गिटार. ही गिटार मांडीवर आडवी ठेवाची, अन् लोखंडाची गुळगुळीत कांडी तारायवरून घसरवत वाजवाची. दिसाले नवरीवाणी सजलेली, पण आवाज कसा, तं डब्यात कोंडलेल्या माशीवाणी.

खुशालराव म्हणे, "देवमन, हिचा आवाज बनवून दे. दिवाळीनंतर अकोल्यात माहा कार्यक्रम आहे. माइकवरून तुह्यं नाव सांगतो. हजार लोकायच्या समोर."

मजुरीचं काय ठरलं ते मले आठवत नाही. हे बोलणं मात्र माह्या काळजात बसलं. हजार लोकायच्या कानावर एकदा नाव पडलं की शेटच्या कागदाचं काय काम?

दीड महिना ती गिटार आमच्या घरी होती. देवमननं तिचं पोट उघडलं. तारांखाली आवाज पकडणारा एक डबा असते, त्याले पिकअप म्हणते. तो कलकत्त्याचा डबा त्यानं काढून फेकला. इंग्रजायच्या वक्ताच्या लढाईनंतर मिलिटरीचं भंगार विकाले आलं होतं, त्यातल्या कानाच्या फोनमधलं लोहचुंबक घेतलं. सहा तारांखाली सहा लोखंडी स्क्रू बसवले. अन् त्या स्क्रूंभोवती तांब्याची तार गुंडाळाची होती, केसाहून बारीक. ते काम माह्याकडं आलं. माह्या शिलाई मशीनले बॉबिनवर दोरा भराचं चाक आहे ना, त्याच्यावर हा नवा डबा बसवला. मी मशीन फिरवे अन् मोजे. शंभर वेढे झाले की एक चिंचोका बाजूले ठेवाचा. जरा जोर लागला की तार तुटे, अन् पुन्हा पहिल्यापासून! चार वेळा तुटली. पाचव्यांदा जमली तवा मी उठून नाचाचीच राहिली होती. मंग देवमननं जुन्या रेडिओचे खटके बसवले, तारा पिळाच्या ढिल्या खुंट्या काढून दातेरी चाकाच्या घातल्या, आतल्या वायरीवर जाळी चढवली. भुणभुण बंद. त्यानं एक तार छेडली, अन् शेजारच्या माणिकबाई भाकर टाकता टाकता दारात येऊन उभ्या राहिल्या.

खुशालराव येऊन वाजवून पाहाले बसला, अन् तिथं खरी गोष्ट उघडी पडली. गड्याले वाजवताच येत नव्हतं. कांडी थरथरे, सुराच्या अलीकडं नाही तं पलीकडं जाऊन पडे, अन् वरच्या बारीक तारेवर तं अगदीच घसरे. मी चुलीजवळून देवमनकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

तो गेल्यावर देवमननं गिटार पुन्हा उघडली. आत एक कंडेन्सर बसवला, त्यानं आवाजाची धार जाते अन् सगळं गोल, मऊ लागते. बारीक तारेखालचा स्क्रू खाली दाबला, म्हणजे तिथली चूक हळू ऐकू येईन. मी म्हटलं, "अवो, हे काय करून राहिले? एवढा चांगला आवाज काहून मारून राहिले?"

तो म्हणे, "पंचफुले, माणसाची फजिती नको व्हाले. अन् माहं नाव सांगणार आहे, तं कार्यक्रम गोड नको का व्हाले?"

असा माणूस! दुसऱ्याची लाज झाकाले आपलं काम झाकणारा. खुशालरावले त्यानं हे सांगितलंही नाही.

कार्यक्रम झाला. आमच्या वस्तीतल्या पंधरा बाया घेऊन मी गेली होती. देवमनचं नाव येणार, आयका बरं, असं सगळ्याले सांगून ठेवलं होतं. गिटार अशी वाजली, अशी वाजली, की लोकं टाळ्या थांबवेच ना. मंग खुशालराव माइकजवळ आला. मी माणिकबाईचा हात धरला. तो म्हणे, "ही गिटार कलकत्त्याच्या कंपनीनं खास माह्यासाठी बनवली आहे."

बस. एवढंच. पंधरा बाया माह्याकडं पाहून राहिल्या अन् मी जमिनीकडं.

पडद्यामागं देवमन त्याले भेटाले गेला, मी त्याच्या मागं. त्यानं गरिबीनं विचारलं, "भाऊ, नाव राहून गेलं काय?"

खुशालराव सगळ्या वाजंत्र्यायच्या समोर हसला. "येडा झाला का बे? समोर शेटलोक बसले होते. तुह्यं नाव-आडनाव आयकून उठून गेले असते ना. तुमच्या हातची गिटार म्हटल्यावर कोण आयकंन?"

मी पायातली चप्पल काढली होती, पण देवमननं मनगट धरून मले बाहेर आणलं. त्या दिवसापासून बेंजोले त्यानं हात लावला नाही. जेवे, दुकानात जाये, येये. वस्तीतली बाई पाण्यावर भेटली की विचारे, काय व नाव कवा येणार आहे? त्या बोलण्याचे काटे माह्या अंगात रुतून राहिले. मी रोज म्हणे, त्याचं वाटोळं होवो, त्याच्या हाताले लकवा मारो. देवमन म्हणे, जाऊ दे. जाऊ दे कसं? मी जाऊ देणाऱ्यातली नाही.

सहा महिन्यानं खुशालराव तीच गिटार घेऊन आमच्या दारात. तोंडावर जराशी लाज तरी असावी! उलट खाटेवर ऐसपैस बसला अन् म्हणे, "अमरावतीले मोठ्या मैदानावर कार्यक्रम आहे. पाच हजार माणूस. आवाज वाढवून दे. शेवटच्या माणसाले एकेक सूर अलग अलग आयकाले गेला पाहिजे. अन् तू सोबत ये, भोंग्याची मशीन सांभाळाले."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात देवमन म्हणे, "एकेक सूर अलग पाहिजे? पक्कं?"

"पक्कं म्हणजे? साफ पाहिजे. काचेवाणी."

"देतो," देवमन म्हणाला.

तो गेल्यावर मी भांडाले उभी राहिली. "तुमाले काही आहे का नाही? त्यानं तोंडावर थुकलं अन् तुमी त्याचीच गिटार..."

देवमन हसला. सहा महिन्यात पहिल्यांदा हसला, पण ते हसणं मी कवा पाहिलं नव्हतं. म्हणे, "पंचफुले, तो जे मागून राहिला ते सगळं त्याले देतो. रत्तीभर कमी नाही." अन् त्यानं तो कंडेन्सर उपटून खिडकीतून बाहेर फेकला.

माह्या डोक्यात उजेड पडाले जरा वेळ लागला. पडला तवा मी पदर खोचला अन् शिलाई मशीनवर बसली. या खेपेले जास्तीचे वेढे पाहिजे होते. पाच हजार घेतले. एका वेढ्याले एक शिवी, खुशालरावच्या सात पिढ्या पुरल्या नाही. अन् सांगू का, तार एकदाही तुटली नाही. देवमननं बारीक तारेखालचा स्क्रू वर आणला, एवढा वर की तिथं नख घासलं तरी गल्लीत ऐकू जाये. कुठं खोट ठेवली नाही. काम असं चोख की कंपनीच्या साहेबानं येऊन तपासावं. न्याले आला तवा खुशालरावनं गिटार एकदा छेडली, आवाजाचा दणका आयकला अन् खुश होऊन घेऊन गेला. पूर्ण गाणं वाजवून पाहाची त्याले गरजच वाटली नाही.

अमरावतीले मी माह्या तिकिटानं गेली. मैदान भरलेलं, समोर खुर्च्यायवर शेटलोक, वकील, डॉक्टर. खुशालरावनं गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले, अन् सुरू केलं.

अगा बाबा! कांडी तारेवर घासली ते खरखरणं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. सूर चुकला, तो पाच हजार लोकायनं आयकला. दुसरा चुकला. हात घाबरला अन् थरथराले लागला, तं ती थरथरही भोंग्यातून बाहेर पडली. बारीक तारेवर तो गेला तवा मागून कोणीतरी ओरडलं, "अरे मांजरीची शेपटी सोड रे!" अन् सगळं मैदान फुटलं. मी एवढी हसली की बाजूच्या बाईनं मले पाणी दिलं.

खुशालराव लाल होऊन उठला, अन् माइक धरला. "गिटार बिघडवून ठेवली आहे! हे काम अकोल्याच्या देवमन तायडेचं आहे!"

माहं हसू तिथंच थांबलं. चांगल्या कामाले नाव घेतलं नाही अन् बदनामीले घेतलं, पाच हजार लोकायच्या समोर. आता या नावाची पाटी कोण लावू देईन? भोंग्याच्या मशीनमागं देवमन उभा होता, त्याच्याकडं सगळ्यायच्या माना वळल्या.

देवमन स्टेजवर चढला. घाई नाही, काही नाही. गिटार मांडीवर घेतली. सहा तारा एकेक करून छेडल्या, अन् मैदान चूप झालं. मंग त्यानं कांडी उचलली अन् खुशालरावनं नासवलेलं तेच गाणं वाजवलं. त्या गिटारीवर त्याचा हात दीड महिन्याचा होता, पण कान जलमाचा होता. गाणं संपलं. अन् मंग टाळ्या अशा वाजल्या! तो माइकजवळ गेला. "बिघाड कुठंच नाही. मीच बनवली आहे. देवमन पुंजाजी तायडे, अकोला." खाली उतरला.

समोरचे शेटलोक उठून गेले का? एक नाही उठला. एक पगडीवाला तं उभा राहून म्हणे, पुन्हा वाजवा. मी खुशालरावकडं पाहून राहिली होती. मले त्याचं तोंड डोळे भरून पाहाचं होतं.

त्या आठवड्यात दोन ऑर्केस्ट्रावाले जठारपेठेत शेटच्या दुकानासमोरून गेले अन् आमच्या घराचा पत्ता विचारत आले. चौथ्या दिवशी खुशालराव आला. ना तेल, ना अत्तर. खाटेवर बसला नाही, दारातच उभा.

"देवमनभाऊ, पहिल्यासारखा आवाज करून द्या."

भाऊ! द्या! मी म्हटलं, "निघ इथून." पण देवमननं गिटार त्याच्या हातातून घेतली. मी आदळआपट केली, भांडे फेकले, काही उपयोग नाही. त्यानं नवा कंडेन्सर बसवला, स्क्रू खाली दाबला, तारा लावल्या. खुशालरावनं तिथंच जरासं वाजवून पाहिलं. गोल, मऊ, गोड. त्याच्या जिवात जीव आला.

तो म्हणे, "झालं, भाऊ. आता ठीक आहे ना?"

"गिटार ठीक आहे," देवमन म्हणाला. "पण लोकायनं जे आयकलं, ते त्याईच्या कानातून मी कसं काढू? ते मले येत नाही, खुशालराव."

खुशालराव गिटार छातीशी धरून उभाच राहिला. त्याच्या डोळ्यातून पाणी गळाले लागलं. मी समोरच होती, सगळं पाहिलं, अन् मले जराही वाईट वाटलं नाही.