सहावं नाव

फेब्रुवारीत शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बर्नरच्या गॅसचा आणि ओल्या लोकरी कोटांचा मिसळलेला वास बराच वेळ रेंगाळत राहायचा, आणि इंग्लंडमधल्या लेस्टरचा तो राखाडी, अबोल उजेड बाकांवरून हळूहळू मागे सरत उंच खिडक्यांबाहेर निघून जायचा. त्या उजेडात एकटीनं तारा गुंडाळताना माझ्या मनात येई, की कुतूहल ही वस्तू दुसऱ्याच्या हाती देता येते या श्रद्धेवर आपण शिकवण्यात सोळा वर्षं काढली, पण ती श्रद्धा आता खांद्यांना जड होऊ लागली आहे.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. आमच्या हेडनी, मृदू स्वभावाच्या त्या मुख्याध्यापकांनी, नजर टाळत मला सांगितलं होतं, की ए-लेव्हलच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या, फिजिक्सला सहा नावं आली नाहीत तर पुढच्या वर्षीपासून वर्ग बंद होईल. नावं पाचच होती, पाचही मुलग्यांची. आणि सहावं म्हणून माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा एकच चेहरा येत होता, रोहिणी गायकवाडचा.

वडील होजिअरीच्या कारखान्यात, आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत, आणि ही त्यांची थोरली. वर्गात कधी हात वर करायची नाही. मात्र वहीत उत्तराखाली रेघ मारून तिच्याखाली बारीक अक्षरात ‘का?’ असं लिहून ठेवायची. सोळा वर्षांत असा ‘का’ मला फार थोड्या वह्यांत भेटला होता. पण विषय निवडायच्या तिच्या फॉर्मवर मॅथ्स होतं, केमिस्ट्री होती, बायोलॉजी होती, फिजिक्स नव्हतं.

मी तिला थांबवून घेतलं आणि माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. पूल, उपग्रह, ताऱ्यांच्या पोटातला अग्नी. शब्द इतके सरावाचे झाले होते, की ते बोलताना मला माझाच आवाज दुरून येत असल्यासारखा वाटत होता. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“मिस, मला लोकांनी सांगितलं. तुम्हाला सिक्स पाहिजेत ना? मग खरं सांगा, तुम्हाला मी पाहिजे का सहावी पाहिजे?”

“दोन्ही,” मी म्हणाले. खोटं बोलण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

ती जराशी हसली. मग बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, “आणि एकटीच गर्ल असली की कसं वाटतं? आई म्हणते, तुम्ही पण होत्या, कॉलेजमध्ये.”

या प्रश्नाचंही एक तेजस्वी उत्तर माझ्यापाशी तयार होतं, अनेकींना दिलेलं. पण त्या संध्याकाळी ते ओठांवर आलंच नाही.

“दमायला होतं गं,” मी म्हणाले. “आपण चुकलो तर ती चूक आपली एकटीची राहत नाही, सगळ्या मुलींची होते. म्हणून मग चुकायचंच नाही असं ठरवून बसतो आपण. त्यानंच जास्त दमायला होतं.”

“अजूनही दमायला होतं?”

“अजूनही.”

ती बॅग खांद्यावर टाकून गेली. सहावं नाव आपण आपल्या हातानं घालवलं, असं मला वाटलं. पण आश्चर्य म्हणजे त्या वाटण्यात दुःखाहून सुटकाच अधिक होती. दोन दिवसांनी फॉर्म परत आला. बायोलॉजीवर काट मारलेली, शेजारी फिजिक्स, आणि खाली वडिलांची सावकाश, जपून केलेली सही.

वर्ग उघडला. दोन वर्षं ती त्या पाच जणांत बसली, क्वचितच चुकली, आणि शेफील्डला इंजिनिअरिंगला गेली. हेडनी माझं अभिनंदन केलं. मीही ते घेतलं.

पुढच्या जूनमध्ये, लिंडनच्या झाडांवरच्या फुलांचा मधाळ गंध उघड्या खिडक्यांतून आत येत असताना, शाळा सुटल्यावर ती अचानक दारात उभी राहिली. वाळलेली, डोळ्यांखाली काळसर छाया. ती छाया माझ्या फार ओळखीची होती.

“पास झाले, मिस,” ती म्हणाली. “तिथे पण एकटीच आहे मी. आता काही सांगू नका. थोडा वेळ बसू का इथे?”

ती पहिल्या बाकाशी स्टुलावर बसली. क्षणभर माझं मन सवयीनं पुलांकडे, ताऱ्यांकडे धावलं, पण ते सारं फार लांबचं वाटलं. जिला मी या वाटेवर आणलं होतं तिला द्यायला माझ्या हातात काहीही नव्हतं. मग मी तिच्या शेजारचं स्टूल ओढलं आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, फळ्याकडे तोंड करून मुलांच्या बाजूला बसले. बाहेर कुणीतरी मैदानाचं गवत कापत होतं. आम्ही दोघी बराच वेळ तो आवाज ऐकत राहिलो.