भाऊ एका गाडीत बसत नसत

"तू हो पुढं. मी मागून येतो."

हे वाक्य मी आमच्या ऑफिसातल्या भाऊंच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! दुर्गजवळच्या सुपेल्याच्या चौकात आम्ही दोघं उभे, समोर रिकामी ऑटो, दोघांनाही एकाच हॉस्पिटलात कामावर जायचंय. आणि भाऊ मला ऑटोत कोंबून पुढच्या ऑटोला हात करत. आमचं भांडण झालंय, असंच तुम्हीही समजला असता.

भांडण नव्हतं. आमच्या सर्व्हर रूममध्ये एन्क्रिप्शनच्या दोन मशिनी होत्या. पेशंटांचे सगळे रिपोर्ट डिस्कवर साठण्याआधी त्यांतून जात, म्हणजे परक्याला ते वाचता येत नसत. एक मशीन काम करी, दुसरी तयारीत उभी. पहिली बंद पडली की दुसरीनं पुढं व्हायचं. भाऊ त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. दोघी एकदम बसल्या तर रिपोर्ट उघडणारी किल्ली, म्हणजे एक गुप्त आकडा, त्यांच्यात पुन्हा भरायला कार्डं लागत. कार्डं तीन: एक भाऊंकडे, एक माझ्याकडे, एक हिशेब विभागातल्या मॅडमकडे. त्यांतली कुठलीही दोन हवीत. दोन गमावली, की सगळे रिपोर्ट कायमचे कुलूपबंद.

ट्रेनिंगमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, कार्डवाल्यांनी शक्यतो एकत्र प्रवास करू नये. आम्ही ऐकलं आणि चहाला गेलो. भाऊंनी त्यातलं 'शक्यतो' गाळलं आणि बाकीचं जन्मभर पाळलं.

लिफ्टमध्ये ते माझ्याबरोबर चढत नसत. कँटीनमध्ये मी समोसा घेतला की ते पोहे घेत.

"कावून भाऊ?"

"दोघायचंही पोट संगंच बिघडलं, तं थोरली-धाकटीले कोन पाहीन?"

दरवर्षी आम्ही नागपूरला दीक्षाभूमीला जात असू. भाऊ सकाळच्या गाडीनं, मी दुपारच्या. मग तिथल्या गर्दीत एकमेकांना शोधता शोधता संध्याकाळ होई. वहिनी मात्र माझ्याबरोबर येत. "मले तुमच्यासंगं धाडतेत," त्या हसून म्हणत. "माह्याजवळ कार्ड नाही ना!"

एकदा दुपारी नेहरू नगरात एका सहकाऱ्याच्या गृहप्रवेशाला आम्ही दोघं जेवत होतो. फोन आला. थोरली बसली होती. धाकटी पुढं झाली आणि तिनंही मान टाकली. परत चालू केली तर किल्ली विसरलेली. एका बाईंना ऑपरेशनसाठी आत नेलं होतं, त्यांचे रिपोर्ट उघडेनात, डॉक्टर खोळंबलेले. मॅडम लग्नाला बिलासपूरला. आणि दाराशी मोटार एकच, यजमानांची.

मी आत बसलो आणि दार उघडं धरलं. "भाऊ, आज तरी बसा हो!"

भाऊंना घाम फुटला होता. क्षणभर त्यांनी पाय उचललासुद्धा. मग मोटारीचं दार बाहेरून लावलं, "तू हो पुढं" म्हणाले आणि हायवेवर कोथिंबिरीचा टेम्पो अडवायला धावले.

मी पोचलो. एका कार्डानं काहीच होत नव्हतं, म्हणून नुसता येरझाऱ्या घालत राहिलो. डॉक्टरांनी दोनदा डोकावून पाहिलं. अखेर भाऊ आले. कार्डं घातली, किल्ली भरली, रिपोर्ट उघडले. मग माझा संताप बाहेर पडला.

"मोटारीत बसले असते तं लवकर झालं असतं!"

"अन् मोटार ठोकली असती तं?"

मी त्यांच्या केसांतली कोथिंबीर काढत बसलो.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कार्ड जमा केलं, हार हातात घेऊन खाली आले आणि न विचारता माझ्या स्कूटरवर मागं बसले.

"चाल. आता दोघंही पडलो तरी फिकर नाही."

मोहन नगरातल्या त्यांच्या घरापर्यंत ते माझ्या खांद्यावर हात ठेवून अखंड बोलत होते. मला इतकं बरं वाटलं की मी दोन वळणं मुद्दाम चुकलो.

गेल्या हिवाळ्यात ते मुलीकडे नागपूरला गेले आणि तिथंच वारले. अंत्यविधीला नागपूरला जायला हॉस्पिटलनं जीप काढली. भाऊंचं कार्ड आता आमच्या विभागातल्या ज्या नव्या पोरीकडे असतं, ती आधीच आत बसली होती. रडून डोळे लाल झालेले. तिनं सरकून जागा केली.

"बैठिए ना भैया, जगह है."

मी पायरीवर पाय ठेवला. मग काढून घेतला.

"तू हो पुढं," मी म्हणालो. "मी मागून येतो."

आणि दुर्ग स्टेशनसाठी ऑटोला हात केला.