ओवाळणीत न मागितलेलं

अनसूया सुर्वेला एखादा नियम पटला की तो ती थेट देव्हाऱ्यात नेऊन ठेवायची. सासरी, सांगलीत, या स्वभावाची सगळे थट्टा करत. दूध उतू जावो, दारावर पाहुणा ताटकळो, पूजेला बसलेली अनसूया मध्येच उठायची नाही. समाजकार्याच्या कॉलेजात ती शिकवायची. मुलं तिला टरकून असत, तरी अडचण आली की तिच्याकडेच जात.

१९९६च्या पावसाळ्यात कॉलेजनं तिला साताऱ्याला प्रशिक्षणाला पाठवलं. दारू आणि एड्स यांवरचे आपले उपाय खरंच लागू पडतात का, हे तपासण्याची नवी रीत शिकायला तिथं डॉक्टर, मानसशास्त्राचे प्राध्यापक, तिच्यासारख्या संशोधक बाया जमल्या होत्या. शिकवायला जयपाल उपाध्ये होते. सांगलीकडचे जैन, संख्याशास्त्राचे जाणकार, बोलायला मऊ आणि चुकीला कडक. ते म्हणत, आजवर आपण सोयीची गावं निवडतो, जिथली माणसं आधीच सुधारायला निघालेली असतात तिथं जातो आणि स्वतःची पाठ थोपटून घेतो. आता गावं चिठ्ठ्या टाकून निवडायची. निम्म्या गावांत वर्षभर दारू आणि एड्सबद्दल समजावणाऱ्या बैठका घ्यायच्या, उरलेल्यांत नेहमीचं चालू द्यायचं, आणि वर्षानं दोन्हींची तुलना करायची. मग थांबलेल्या गावांतही बैठका सुरू होतील. तोवर तिकडं बैठकीतलं काही झिरपू द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. अनसूयेला हे मनापासून पटलं. इथंच घात झाला.

अभ्यासासाठी विट्याच्या बाजूची गावं घेतली होती. तिकडची माणसं सोनं गाळायच्या, गलाईच्या धंद्यात मुलुखभर पांगलेली. सणावाराला घरी येत, आणि काहीजण पैशाबरोबर दारू आणि हे नवं दुखणंही घेऊन येत. अनसूयेचं माहेर त्यातलंच एक. धाकटा भाऊ आकाराम कानपूरचं दुकान बंद करून कायमचा घरी आला होता आणि दिवसभर पिऊन पडायचा. चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा तिच्या माहेराचं नाव थांबणाऱ्या गावांत आलं. तिनं ते नाव वहीत उतरवून घेतलं. चिठ्ठीपुढं रडगाणं गाणाऱ्यांतली ती नव्हती.

दिवाळी आली. दर भाऊबीजेला ती आकारामला ओवाळायची आणि तबकात त्यानं काही टाकण्याआधी त्याचा हात धरून म्हणायची, दारू सोड, मला दुसरं काही नको. तो तिच्या गळ्याची शपथ घ्यायचा. जत्रेपर्यंत शपथ टिकायची, पुढं पुन्हा बाटली. पण तेवढे दिवस तो जेवायचा, बायकोशी, हरणाबाईशी, धड बोलायचा, घराला घरपण यायचं.

या वर्षी तिनं ओवाळलं आणि तबक खाली ठेवलं. आकाराम पाटावर बसूनच राहिला. त्या दिवशी तो प्यालेला नव्हता. हात पुढं करून तो वाट बघत होता.

"आक्का, काय मागायचं ऱ्हायलं न्हवं?" त्यानं विचारलं.

दारू सोड, सांगलीला चल, रक्त तपासून घे, हरणाबाईला जप, हे सगळं तिच्या ओठांवर होतं. बैठकांतही हेच तर सांगत होते. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "काही नको. सुखी राहा."

आकारामनं हात मागं घेतला. दुपारी तो बाहेर पडला, तो तिन्हीसांजेला दोघांच्या आधारानं घरी आला. परतीच्या एसटीत बसलेली अनसूया स्वतःला समजावत होती की आपण नियम पाळला. तिला त्याचा थोडा अभिमानही वाटला, आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या मला या अभिमानाचा आजही राग येतो.

गुढीपाडव्याच्या आधी आकाराम गेला. शेवटी सांगलीच्या दवाखान्यात आणला तेव्हा अंगावर नुसती कातडी उरली होती. रक्तात ते दुखणं निघालं. पाठोपाठ हरणाबाईचं रक्त तपासलं, तिलाही लागण झालेली होती. त्यावरची औषधं तेव्हा आपल्याकडच्या माणसांच्या आवाक्यातली नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर हरणाबाई चुलीपाशी बसून म्हणाली, "आवं, दिवाळीपासनं त्ये एकच म्हनायचं. आक्कानं बी आशा सोडली, आता कुनाच्या गळ्याची शपथ घ्यू." तेव्हा अनसूयेनं तिला सगळं सांगितलं, चिठ्ठी, नियम, गप्प राहण्याचं कारण. हरणाबाईनं ऐकून घेतलं आणि राख सारखी केली.

साताऱ्याला जाऊन तिनं हे जयपाल सरांपुढंही मांडलं.

"बाई, नेहमीचं चालू द्या म्हणालो होतो मी. भावाला दारू सोड म्हणणं, हे तुमचं नेहमीचंच होतं ना?" ते म्हणाले. मग हळूच पुढं म्हणाले की नेहमीचं म्हणजे काय याची उदाहरणं देताना आपण दवाखान्याची दिली, फलकांची दिली, घरातलं एकही दिलं नाही. पुढं प्रत्येक प्रशिक्षणात हा भाग अनसूयेनंच शिकवला. शिकवताना ती भावाचं नाव घ्यायची.

वर्ष संपलं. बैठका लागू पडल्याचं दिसलं आणि थांबलेल्या गावांची पाळी आली. माहेरची पहिली बैठक अनसूयेनं मागून घेतली. शाळेच्या खोलीत ती सतरंजी अंथरत होती, तेवढ्यात सगळ्यांच्या आधी हरणाबाई आली. वाळून काटकी झालेली, पदर घट्ट लपेटलेला. दारातच थांबून तिनं विचारलं,

"आक्का, आता बोललं तर चालतंय न्हवं?"

अनसूयेच्या हातातली सतरंजी तशीच राहिली. "व्हय," ती म्हणाली, आणि हरणाबाई आत येऊन बसली.